वाचकांचे प्रश्न : जपानी भांडी आणि त्यांच्या तळावरील खुणा

जपानी मृत्पात्रांविषयी आलेल्या बहुतेक पत्रांसोबत एकाच प्रकारचे छायाचित्र आहे : उलट्या ठेवलेल्या भांड्याचा तळ आणि त्यावरची खूण. खूण वाचता आली की भांड्याचा कर्ता, गाव आणि साल हाती लागेल, ही त्यामागची अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु जपानमध्ये ही खूण कधी परक्या देशाच्या कायद्यामुळे आली, कधी जुन्या नामवंत परंपरेविषयीच्या आदरापोटी, कधी केवळ शुभचिंतन म्हणून, आणि पुष्कळदा ती मुळी आलीच नाही. म्हणून पुढील उत्तरांत मी आधी माती, झिलई, तळाची कडी (भांडे ज्यावर टेकते तो गोल उंचवटा) आणि रंगकाम पाहण्याचा आग्रह धरला आहे. खूण सर्वांत शेवटी वाचावी आणि आधी जे दिसले त्याच्याशी ती जुळते का, ते तपासावे. निवडक प्रश्न संक्षेपाने दिले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे गुलाबांची नक्षी आणि सोनेरी किनार असलेला चहाचा संच आहे. प्रत्येक बशीच्या तळाशी हिरव्या शाईत पानांचे कडे, त्याच्या मध्यभागी रोमन लिपीतील ‘एम’ आणि भोवती ‘हँड पेंटेड’ व ‘निप्पॉन’ असे शब्द आहेत. हा संच कोणत्या काळातला असावा?

उत्तर : या संचाचा काळ ठरवायला अमेरिकेचा कायदा उपयोगी पडतो. १८९० मध्ये संमत झालेल्या मॅकिन्ली जकात कायद्याने पुढील वर्षापासून परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे सक्तीचे केले. तोपर्यंत अमेरिकेला जाणाऱ्या जपानी भांड्यांवर जपानी अक्षरे तरी असत किंवा काहीच नसे. कायदा आल्यावर जपानी निर्यातदारांनी आपल्या देशाचे स्वतःच्या भाषेतील नाव रोमन लिपीत लिहायला सुरुवात केली आणि सुमारे तीस वर्षे ते चालून गेले. १९२१ मध्ये अमेरिकी जकात खात्याने ‘निप्पॉन’ हा इंग्रजी शब्द नसल्याचा निर्णय दिला आणि यापुढे ‘जपान’ असेच लिहिले पाहिजे, असे ठरवले. त्यामुळे रोमन लिपीत ‘निप्पॉन’ असलेली निर्यातीची भांडी सामान्यतः १८९१ ते १९२१ या कालखंडातली मानली जातात.

मात्र या नियमाचा उलटा अर्थ काढू नये. हे बंधन अमेरिकेला जाणाऱ्या मालापुरते होते, त्यामुळे इतर देशांत गेलेल्या किंवा जपानमध्येच विकल्या गेलेल्या भांड्यांवर देशाचे नाव नसणे हा ती १८९१ पूर्वीची असल्याचा पुरावा होत नाही. शिवाय देशाचे नाव कागदी चिठ्ठीवर छापून चिकटवण्याची पद्धतही होती, आणि अशी चिठ्ठी पहिल्या धुण्यातच निघून जाते.

कड्यामधील ‘एम’ हे अक्षर मोरिमुरा या नावाचे आहे. मोरिमुरा बंधूंनी १८७६ मध्ये व्यापारी पेढी सुरू केली आणि न्यूयॉर्कमध्ये जपानी वस्तूंचे दुकान थाटले. त्याच मंडळींनी १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके या गावी पोर्सेलीनचा, म्हणजे पांढऱ्या, कठीण चिनी मातीच्या भांड्यांचा, कारखाना काढला. पाश्चात्त्य पद्धतीचा जेवणाचा संपूर्ण संच तेथे १९१४ मध्ये तयार झाला. पुढे कारखान्याचे नाव आणि गावाचे नाव एकच होऊन गेले. आपण वर्णन केलेली खूण या कारखान्याच्या सुरुवातीच्या, म्हणजे १९१० च्या दशकातील मालावर विपुल आढळते. त्यानंतरच्या खुणेत कडे आणि ‘एम’ राहिले, पण ‘नोरिताके’ आणि ‘जपान’ हे शब्द आले.

याच कारखान्याची एक वेगळी खूण मला फार मोलाची वाटते. दुसऱ्या महायुद्धानंतर चांगला कच्चा माल आणि कसबी माणसे मिळेनात, तेव्हा आपला माल युद्धपूर्व दर्जाचा नाही हे ओळखून या कारखान्याने १९४६ पासून काही काळ त्यावर स्वतःचे नाव घातलेच नाही. ती भांडी ‘रोझ चायना’ या नावाने बाजारात गेली. गुलाबाचे चित्र असलेली ही खूण दुय्यम कारखान्याची समजून पुष्कळजण बाजूला ठेवतात, परंतु नाव राखण्यासाठी नाव झाकणाऱ्या एका मोठ्या घराण्याची ती साक्ष आहे.

आता खरेपणाविषयी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘निप्पॉन’ भांड्यांना मागणी वाढली तशा नकला आल्या. त्यांतील एका सर्वपरिचित नकली खुणेत कड्याच्या मध्यभागी ‘एम’ ऐवजी वाळूच्या घड्याळासारखी आकृती असते. घाईने पाहणाऱ्याला ती ‘एम’च वाटते. आपल्या बशीवरील अक्षर भिंगातून पाहावे. त्यानंतर तेच भिंग गुलाबांवर धरावे. पाकळीचा रंग एकसारख्या बारीक ठिपक्यांचा बनलेला दिसला, तर ते छापकाम आहे आणि ‘हँड पेंटेड’ हे शब्द खोटे ठरतात. हाताने रंगवलेल्या पाकळीत कुंचल्याचा ओढ दिसतो, रंग एका कडेला दाट आणि दुसऱ्या कडेला विरळ असतो, आणि कोणतीही दोन फुले तंतोतंत सारखी नसतात. सहा बशा ओळीने मांडून एकाच जागचे फूल सर्वांवर तपासले, तर उत्तर बहुधा तेथेच मिळेल.

प्रश्न : ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असे छापलेल्या लहान मूर्ती आणि कप बाजारात दिसतात. ही खूण कितपत विश्वासार्ह आहे?

उत्तर : दुसऱ्या महायुद्धानंतर दोस्त राष्ट्रांचा ताबा जपानवर २८ एप्रिल १९५२ पर्यंत होता. त्या काळात, १९४७ पासून, निर्यातीच्या मालावर हे शब्द घातले जात. म्हणजे कालखंड जेमतेम पाच वर्षांचा आणि अगदी निश्चित. नेमक्या याच कारणाने संग्राहक या खुणेच्या मागे लागले आणि नकली शिक्के निघाले. खरी खूण बहुधा झिलईखाली असते किंवा भट्टीत पक्की झालेली असते. नंतर मारलेला रबरी शिक्का झिलईवर तरंगतो आणि नखांचा रंग काढण्याच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसला जातो. ही चाचणी फक्त शिक्क्यावरच करावी. सोनेरी मुलामा किंवा रंगकाम यांना ते द्रावण लागू देऊ नये.

युद्धकाळातली आणखी एक खूण येथे सांगून ठेवतो. साध्या, घरगुती वापराच्या वाटीच्या किंवा ताटलीच्या तळाशी एकच जपानी अक्षर आणि त्याच्या शेजारी आकडा असेल, तर तो युद्धकाळातील सरकारी नियंत्रणाचा क्रमांक असण्याची शक्यता मोठी. त्या वर्षांत उत्पादकांना क्रमांक नेमून दिले होते. अक्षर प्रदेशाचे, जसे गिफू किंवा सेतो, आणि आकडा उत्पादकाचा. कर्त्याचे नाव लिहिलेले नसतानाही कर्ता शोधता येतो, अशी ही दुर्मीळ खूण आहे. भांडे मात्र बहुधा अगदी साधे असते.

प्रश्न : आमच्याकडच्या निळ्या-पांढऱ्या ताटलीच्या तळाशी दोन उभ्या ओळींत सहा चिनी अक्षरे आहेत. एका जाणकारांनी ती ‘महान मिंग राजवटीत, चेंगहुआच्या कारकिर्दीत निर्मित’ अशी वाचली आणि ताटली चिनी ठरवली. दुसऱ्यांनी ती जपानी असल्याचे सांगितले. कोणाचे मानावे?

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते. अक्षरे पहिल्यांनी बरोबर वाचली असतील आणि ताटली दुसऱ्यांनी बरोबर ओळखली असेल. चेंगहुआ सम्राटाची कारकीर्द १४६५ ते १४८७ अशी होती आणि त्या काळी जपानमध्ये पोर्सेलीन घडतच नव्हते. ते सुरू झाले सतराव्या शतकाच्या आरंभी, क्युशू बेटावरील आरिता येथे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरील स्वाऱ्यांनंतर (१५९२ ते १५९८) तेथून आणल्या गेलेल्या कुंभारांनी हे तंत्र जपानात रुजवले. यी साम-प्योंग या कुंभाराला १६१६ मध्ये इझुमियामा येथे योग्य दगड सापडला, असे परंपरा सांगते. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली, चीनमधून येणारा माल आटला आणि डच ईस्ट इंडिया कंपनी आरिताकडे वळली. जवळच्या इमारी बंदरातून माल निघत असे, म्हणून आरिताची भांडी ‘इमारी’ या नावानेच जगभर ओळखली गेली. ज्या चिनी भांड्यांची जागा घ्यायची होती त्यांच्या तळावरील अक्षरेही आरिताच्या रंगाऱ्यांनी उचलली. त्यात फसवण्याचा हेतू होता असे मी मानत नाही. उत्तम पोर्सेलीनच्या तळाशी ही सहा अक्षरे असतात, अशी रीतच होऊन बसली होती. चिनी कारखान्यांतही नंतरच्या शतकांत चेंगहुआचेच नाव घातले जात होते.

म्हणून अक्षरे क्षणभर विसरून ताटली उपडी करावी आणि तळाच्या कडीच्या आतला झिलई असलेला भाग तिरप्या उजेडात पाहावा. तेथे मोहरीच्या दाण्याएवढे तीन ते पाच उंचवटे किंवा खडबडीत ठिपके दिसतात का? बहुधा एक मध्यभागी आणि बाकीचे भोवताली असतात. भट्टीत रुंद तळ खाली बसू नये म्हणून आरिताचे कुंभार त्याला मातीच्या टोकदार शंकूंचा आधार देत. भाजल्यावर हे शंकू तोडून टाकत आणि त्यांची टोके झिलईत अडकून राहत. त्या काळच्या चिनी निर्यातीच्या ताटल्यांवर या खुणा सहसा नसतात. त्या असतील तर ताटली जपानी असण्याचा तो फार भक्कम पुरावा आहे, सहा अक्षरांपेक्षा कितीतरी भक्कम. त्या नसतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लहान भांड्यांना अशा आधाराची गरज पडत नसे.

दुसरी तपासणी निळ्या रंगाची. जुन्या आरिता भांड्यांवरील नैसर्गिक कोबाल्टचा निळा रंग किंचित राखाडी, मऊ आणि ठिकठिकाणी कमीजास्त दाट असतो. गॉटफ्रीड वॅगनर हे जर्मन रसायनतज्ज्ञ १८७० मध्ये आरिताला गेले आणि त्यांनी रासायनिक कोबाल्टचा वापर तेथे शिकवला. त्यानंतरचा निळा रंग प्रखर, जांभळ्याकडे झुकणारा आणि सपाट आहे. सहा अक्षरे मिंग राजवटीची आणि निळा रंग असा भडक, असे असेल तर ताटली १८७० नंतरची मानायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे नक्षी हाताने काढली आहे की छापली आहे. मेइजी सम्राटाच्या काळात (१८६८ ते १९१२) कागदी साच्यातून रंग भरण्याची आणि नंतर ताम्रपटावरून छाप उतरवण्याची पद्धत सर्वत्र पसरली. साच्याच्या कामात रेषा जागोजागी तुटलेल्या दिसतात, कारण साचा एकसंध राहावा म्हणून कागदाचे बारीक पूल सोडावे लागतात. ताम्रपटाच्या कामात छटा बारीक समांतर रेषांनी भरलेल्या असतात. आणि दोन्हींत, छापाचे दोन तुकडे जेथे भेटतात तेथे वेल अर्ध्यावर तुटते किंवा एक पान दुसऱ्यावर चढते. अशी भांडी मोठ्या संख्येने निघाली, म्हणून ती टाकाऊ समजण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. सामान्य जपानी घरात पोर्सेलीन पोहोचले ते या छापांमुळेच.

प्रश्न : जपानी अक्षरे येत नसतील तर तळावरील मजकुराचा अंदाज कसा घ्यावा? आमच्या लाल-सोनेरी वाडग्यावर आठ अक्षरे आहेत.

उत्तर : प्रथम मजकूर सुलटा आहे याची खात्री करावी, कितीतरी खुणा उलट्या धरल्यामुळेच वाचता येत नाहीत. उभ्या ओळी वरून खाली वाचतात आणि एकाहून अधिक ओळी असतील तर उजवीकडून सुरुवात करतात. जुन्या आडव्या ओळीसुद्धा उजवीकडून डावीकडे जातात. सुरुवातीला ठिकाणाचे नाव, मग कर्त्याचे किंवा कार्यशाळेचे, आणि शेवटी क्रियेचे अक्षर, असा क्रम सामान्यतः असतो.

हे शेवटचे अक्षर नवशिक्यांकडून दुर्लक्षित राहते, पण तेच सर्वांत बोलके आहे. ‘सेइ’, ‘झो’ किंवा ‘साकु’ म्हणजे घडवले, ‘गा’ म्हणजे चितारले. जेथे ‘गा’ आहे तेथील नाव रंगाऱ्याचे असते. भांडे चाकावर घडवणारा कुंभार बहुधा वेगळा, आणि त्याचे नाव कोठेच नसते. नावाच्या शेवटी ‘दो’ असेल तर ती कार्यशाळा किंवा पेढी असण्याचा संभव अधिक.

आपल्या वाडग्याच्या छायाचित्रात पहिली तीन अक्षरे स्पष्ट आहेत. पहिल्यात एक आडवी रेघ आणि तिला छेदून खाली फाकणाऱ्या दोन रेघा आहेत. दुसरे म्हणजे उभा आयत आणि त्यात मधोमध आडवी रेघ. तिसऱ्यात उभ्या खांबाला वर आडवी रेघ, दोन्ही बाजूंना उतरत्या फांद्या आणि बुंध्यावर एक छोटी आडवी रेघ आहे. ही अक्षरे ‘दाइ निप्पोन’, म्हणजे ‘महान जपान’, अशी वाचतात. मेइजी काळात देशाभिमान आणि निर्यात यांच्या भरात हे शब्द लिहिण्याची पद्धत फार होती, म्हणून ते दिसले की प्रथम त्या काळाचा विचार करावा. पुढची दोन अक्षरे ‘कुतानी’ आहेत. त्यानंतर कर्त्याचे नाव आणि शेवटी ‘झो’ आहे.

कुतानी हे आजच्या इशिकावा प्रांतातले गाव. तेथे सतराव्या शतकाच्या मध्यास पोर्सेलीनची भट्टी सुरू झाली, काही दशकांत ती बंद पडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी परंपरेचे पुनरुज्जीवन झाले. लाल रंगावर सोन्याचे बारीक काम ही या दुसऱ्या काळातली ओळख आहे. कुतानी शोझा (१८१६ ते १८८३) हा त्या काळचा मोठा रंगारी. त्याचे नाव त्याच्या शिष्यांनी आणि अनुयायांनीही विपुल वापरले, म्हणून ‘शोझा’ वाचता आले की भांडे त्याच्या हातचे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. पहिल्या काळातल्या, ‘जुनी कुतानी’ म्हणून गाजलेल्या भांड्यांचे मूळही वादात सापडले आहे. आरिताच्या भट्ट्यांच्या उत्खननात तशाच भांड्यांचे तुकडे निघाल्यापासून त्यांतील बरीचशी भांडी मुळात आरितात घडली, असे अनेक अभ्यासक मानतात.

कधीकधी तळावर साल असते. सम्राटाच्या कालखंडाचे नाव आणि त्यातील वर्ष, अशी जपानी रीत आहे. मेइजीच्या वर्षात १८६७, ताइशोच्या वर्षात १९११ आणि शोवाच्या वर्षात १९२५ मिळवले की इसवी सन मिळतो. ताइशो १० म्हणजे १९२१, शोवा १५ म्हणजे १९४०. आकडे ओळखणे सोपे आहे : एक, दोन आणि तीन म्हणजे तितक्याच आडव्या रेघा, आणि दहा म्हणजे उभ्या-आडव्या रेघांची फुली.

प्रश्न : एका विक्रेत्याने हस्तिदंती रंगाचा, सोनेरी मानवाकृतींनी भरलेला फुलदाण आम्हाला ‘राजघराण्यातील सात्सुमा’ म्हणून दाखवला. तळाशी वर्तुळात अधिकाच्या चिन्हासारखी फुली आणि इंग्रजीत ‘रॉयल सात्सुमा’ असे आहे. घ्यावा का?

उत्तर : त्या नावाखातर घेऊ नये. वर्तुळातली फुली हे सात्सुमा प्रांताच्या शिमाझु घराण्याचे कुलचिन्ह आहे, यात शंका नाही. पण १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात सात्सुमाच्या भांड्यांनी युरोपचे लक्ष वेधले आणि मागणी इतकी वाढली की क्योटो, ओसाका, योकोहामा, टोकियो अशा अनेक शहरांत त्या शैलीचे काम होऊ लागले आणि कुलचिन्ह सर्रास काढले जाऊ लागले. आज ते चिन्ह फक्त शैली सांगते. दक्षिण क्युशूतील कागोशिमाची माती सांगत नाही आणि शिमाझु घराण्याशी संबंध तर मुळीच नाही. ओसाकाचा याबु मेइझान किंवा क्योटोचे किंकोझान घराणे यांचे काम श्रेष्ठ आहे, पण ते सात्सुमा प्रांतात झालेले नाही. प्रांतातल्याच परंपरेचे नाव घ्यायचे तर नाएशिरोगावा येथील चिन जुकान घराण्याचे घ्यावे लागेल. कोरियातून आलेल्या कुंभारांचे हे घराणे आजही काम करते आहे.

‘रॉयल सात्सुमा’ हे इंग्रजी शब्द असलेला माल बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आणि चीनमध्ये तयार झालेला आहे. जुने, चांगले काम भिंगाखाली ओळखता येते. झिलईतील भेगांचे जाळे अतिशय बारीक आणि एकसारखे असते, चेहऱ्यांवरच्या भुवया आणि बोटांची नखेसुद्धा एकेका रेघेने काढलेली असतात, आणि सोने चकाकत नाही, मंद दिसते. नव्या मालात भेगा ठळक आणि मोठ्या असतात, त्यांत मुद्दाम तपकिरी रंग भरलेला असतो, आणि आकृत्यांची बाह्यरेषा छापलेली असते.

प्रश्न : तळाला चिकटलेली काळी मळी काढून खूण स्पष्ट करावी का?

उत्तर : पोर्सेलीन असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड एवढेच वापरावे. झिलईवरचे सोने आणि रंग घासल्याने जातात आणि ते परत येत नाहीत. झिलई नसलेले किंवा सच्छिद्र भांडे साबणाच्या पाण्यात बुडवू नये. कडीवरचा जुना मळ आणि झीज हाही पुरावाच आहे; तो पुसून टाकल्यावर जाणकाराला पाहायला काही उरत नाही.

प्रश्न : एक जाड, तपकिरी झिलईचा चहाचा कटोरा मिळाला आहे. त्यावर कोणतीही सही किंवा शिक्का नाही, मात्र तो लाकडी पेटीत आहे आणि पेटीच्या झाकणावर शाईने लिहिलेले आहे. सही नाही म्हणजे तो सामान्य समजावा का?

उत्तर : मुळीच नाही. विसाव्या शतकातील सर्वांत आदरणीय जपानी कुंभारांपैकी हामादा शोजी आपल्या भांड्यांवर सही करत नसत. टोकियोच्या उत्तरेला असलेल्या माशिको या गावी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग काम केले, आणि १९५५ मध्ये सरकारने कुंभारकामातील ज्या पहिल्या कलावंतांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला त्यांत ते होते. क्योटोचे कावाई कांजिरो यांनीही पुढे सही सोडून दिली. अनाम कारागिरांनी रोजच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तूंत सौंदर्य आहे, या विचारवंत यानागी सोएत्सू यांच्या विचाराशी दोघेही बांधलेले होते आणि त्या विचारात तळावरच्या नावाला जागा नव्हती. त्याच सन्मानाच्या पहिल्या यादीतले तोमिमोतो केंकिचि मात्र सही करत. एकाच पिढीतल्या, एकमेकांना जवळून ओळखणाऱ्या माणसांची याबाबतीत वेगवेगळी मते होती.

जेथे भांड्यावर सही नसते तेथे पेटी बोलते. कर्त्याने स्वतः लिहिलेल्या पेटीला ‘तोमोबाको’ म्हणतात. ती बहुधा किरी नावाच्या हलक्या, दमटपणा सोसणाऱ्या लाकडाची असते. झाकणावर भांड्याचा प्रकार आणि झिलई यांचे वर्णन असते, तर सही आणि लाल मुद्रा झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा पेटीवरच असते. सोबत कर्त्याची मुद्रा उमटवलेले कापड आणि परिचयाचा छापील कागद असेल तर आणखी उत्तम. कर्त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा किंवा शिष्यही पेटी लिहून देतो. ती त्याने दिलेली प्रमाणपत्रे समजावीत. त्यांचे वजन लिहिणाऱ्याच्या योग्यतेएवढे.

पेटीचा दुबळेपणा एकच : ती भांड्यापासून वेगळी होऊ शकते. चांगल्या पेटीत दुसरे भांडे ठेवून विकणे अवघड नाही. म्हणून आपला कटोरा पेटीत ठेवून पाहावा. मूळ पेटी त्या भांड्यासाठीच मापाने केलेली असते. भांडे आत डगमगत असेल, झाकण टेकत असेल, किंवा झाकणावर पांढऱ्या झिलईचे वर्णन असून आत तपकिरी कटोरा असेल, तर जोडी नंतरची आहे. झाकणावरचा मजकूर स्वच्छ उजेडात छायाचित्रित करून जपानी वाचू शकणाऱ्या व्यक्तीला दाखवावा आणि सहीची तुलना त्या कुंभाराच्या प्रकाशित सह्यांशी करावी.

कर्त्याची सही नसण्याची दुसरी जुनी कारणेही आहेत. ओकायामा प्रांतातल्या बिझेनची भांडी झिलईविना, लाकडाच्या आगीत दिवसेंदिवस भाजली जातात. पूर्वी एका मोठ्या भट्टीत अनेक कुंभारांचा माल एकत्र असे आणि बाहेर काढताना कोणाचे काय हे कळावे म्हणून तळाशी किंवा कुशीत एखादी रेघ, वर्तुळ किंवा फुली कोरत. ही खूण आपसांतल्या हिशेबासाठी होती. खरेदीदाराने ती वाचावी अशी अपेक्षाच नव्हती, आणि आज तिच्यावरून व्यक्तीपर्यंत पोहोचणे क्वचितच शक्य होते. तेथे अंगावरच्या खुणा वाचाव्यात : उडालेल्या राखेने बनलेले तिळासारखे ठिपके, आणि भाताचा पेंढा गुंडाळल्यामुळे उमटलेले लाल पट्टे. त्यांवरून भांडे भट्टीत कोठे आणि कसे ठेवले होते, ते कळते.

प्रश्न : तळावर किंवा अंगावर साल कोरलेले असेल तर तरी ते निर्णायक मानता येईल ना? आणि प्रयोगशाळेतील तपासणीने प्रश्न सुटतो का? सोबत आमच्या शिगाराकीच्या बरणीचे छायाचित्र पाठवले आहे.

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर जपानच्या सरकारलाच एकदा महागात पडून मिळाले आहे. एका उंच कुंडीवर एइनिन कालखंडाचे दुसरे वर्ष, म्हणजे १२९४ साल कोरलेले होते. सेतो परिसरातील कामाचा इतका जुना, साल असलेला नमुना मिळाल्याचे मानून १९५९ मध्ये तिला ‘महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती’ हा दर्जा देण्यात आला. शंका निघाल्या, आणि काटो तोकुरो या प्रसिद्ध कुंभाराने ती आपणच घडवल्याचे सांगितले. क्ष-किरणांच्या साहाय्याने झिलईतील मूलद्रव्यांचे प्रमाण तपासले तेव्हा ते त्या काळच्या खऱ्या भांड्यांशी जुळले नाही. १९६१ मध्ये दर्जा काढून घेण्यात आला. कुंडीची शिफारस करणाऱ्यांचा अभ्यास कमी नव्हता. कोरलेल्या सालाने त्यांची नजर आधीच ठरवून टाकली होती, असे मला त्या प्रकरणाकडे पाहताना वाटते.

सतराव्या शतकातील क्योटोचा निन्सेइ आणि त्यानंतरचा ओगाता केन्झान (१६६३ ते १७४३) यांच्याबाबत तर प्रश्न अधिकच नाजूक आहे. स्वतःच्या नावाची मुद्रा नेमाने उमटवणाऱ्या पहिल्या जपानी कुंभारांत निन्सेइची गणना होते. केन्झानची सही कुंचल्याने मोकळेपणी लिहिलेली, चित्राचाच भाग वाटावी अशी असते. दोन्ही नावे नंतरच्या पिढ्यांनी आदराने, परंपरेने आणि लोभानेही वापरली. त्यांचे नाव असलेले भांडे बाजारात दिसले की ते त्यांचे नाही, असे धरूनच तपासाला सुरुवात करावी.

प्रयोगशाळेविषयी. भांडे शेवटचे केव्हा भाजले गेले याचा अंदाज तापदीप्तीच्या चाचणीने घेता येतो. त्यासाठी तळाच्या झिलई नसलेल्या भागातून थोडी माती कोरून काढावी लागते आणि उत्तर दशकांच्या नव्हे, त्याहून मोठ्या फरकाने मिळते. पाचशे वर्षांचे भांडे आणि पन्नास वर्षांची नक्कल यांतला भेद तिला कळतो. मेइजी आणि ताइशो यांतला भेद तिला विचारून उपयोग नाही, आणि कर्त्याचे नाव तर ती सांगूच शकत नाही. झिलईचे रासायनिक विश्लेषण भांड्याला इजा न करता होते, पण तुलनेसाठी त्याच भट्टीतील निःसंशय जुने तुकडे हाती असावे लागतात. आपण छायाचित्रात पाठवलेल्या, शिगाराकी या कुंभारकामाच्या गावच्या बरणीबाबत मी प्रथम कडेच्या आतल्या बाजूची माती, खांद्यावर साचलेली राख आणि तळाला चिकटलेली वाळू यांची जवळून घेतलेली छायाचित्रे मागवीन. ती पाहून माती आणि भाजणी सांगितलेल्या काळाची वाटली, तरच चाचणीचा खर्च करावा.